पाठमोरी मंडळी

दौंड
रविवार, ११ जून २०२३

चि. सत्यजीत यास आईचा भरभरून सलाम. नीलमलाही सांग.

फोन असताना आई पत्र का लिहिते म्हणशील. अरे, फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मागं बातम्या चालू असतात. पत्र वाचायला निदान बसावं तरी लागतं. चौथीपर्यंतच्या शाळेवर लिहिते आहे, चुकलं तर सुधारून घे. मंडळीतल्या लोकांचे अर्ज वाचायचास, त्यापेक्षा माझं अक्षर बरंच म्हणायचं.

तर आज आपल्या अपेक्षाची पहिली उपासना झाली. मी पुढच्या बाकावर अगदी कडेला बसले, म्हणजे तीही दिसते आणि लोकांची तोंडंही दिसतात. काय सांगू तुला! पोरगी झगा घालून वेदीपाशी उभी राहिली आणि माझे गुडघे दुखायचे थांबले. खोटं नाही सांगत. घरी आल्यावर पुन्हा दुखायला लागले तो भाग वेगळा.

झगा मात्र लांब झाला होता. टेलरनं पुरुषाच्या मापानं बेतला. मी भांडायला गेले तर म्हणतो, “आजी, तुम्ही पाळकांचा झगा म्हणाला, बाईचा कुठं म्हणाला?” काल बसून मीच खालून दुमड घातली. अजून सुईत दोरा ओवता येतो मला, एवढं नीलमला कळव.

इथं मी का आले ते तुला माहीतच आहे. कमिटीची अट, लग्न न झालेली मुलगी पाळकांच्या बंगल्यात एकटी राहायची नाही. म्हणून माझी ट्रंक शिरूरहून दौंडला आली. आता गंमत बघ. पाळक बाई आहे, तर मग पाळकीणबाई कोण? महिला मंडळाच्या वच्छलाबाईंनी दारातच विचारलं, “मंग आता आमच्या मीटिंगला पाळकीणबाई म्हणून कोण बसणार वो?” म्हटलं, “मीच की!” या वयात बढती मिळाली मला. तुझे आबा असते तर हसून हसून खोकले असते.

लोकांना तिला काय हाक मारावी ते कळत नाही. तू इथं पाळक होतास त्या वीस वर्षांत ती इथंच वाढली, सगळ्यांनी तिला फ्रॉकात बघितलेलं. कुणी अप्पी म्हणतं, कुणी ताई. सेक्रेटरी चांगदेवराव माईकवरसुद्धा ‘पाळकसाहेबांची मुलगी’ एवढंच म्हणाले. पाळकसाहेब म्हणजे तू. असू दे, जीभ वळायला वेळ लागतो.

एका गोष्टीवरून मात्र मी तिला रागावले. चांगदेवरावांच्या सूचना तिनं पहिल्याच दिवशी बंद केल्या. म्हणे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू. अरे, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, घरी सून ऐकत नाही, रविवारी उभं राहून अर्धा तास बोलतो तेवढंच त्याचं राज्य. जेवताना मी तिला म्हटलं, “पहिलं वर्षभर इथली खुर्चीसुद्धा हलवू नको. कोण कुठल्या खुर्चीवर का बसतं ते आधी बघ.” ती म्हणाली, “आजी, हे आम्हाला सेमिनरीत शिकवलं नाही.” म्हटलं, तिथं पाळकीणबाई नसतील शिकवायला.

मंडळ्यांच्या मुख्य ऑफिसात खेटे घालून तूच तिचं नाव दौंडला लावून घेतलंस. बाप म्हणून कुणी करणार नाही एवढं केलंस. तिला पाळक नेमलं त्या स्थापनेच्या दिवशी शेवटी उठून तू बोललास, “मी काही लांब गेलेलो नाही. शिरूरलाच आहे. हाक मारा, येईन.” केवढ्या टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. अपेक्षा तेवढी चष्मा पुसत होती. घाम आला असेल.

नीलमच्या हातचं लिंबाचं लोणचं संपलं. कुणी येणार असलं तर पाठव.

तुझी आई
सारजाबाई


दौंड
मंगळवार, २९ ऑगस्ट २०२३

चि. सत्यजीत,

लोणचं मिळालं. तू स्वतःच घेऊन आलास, पण बंगल्यात पाऊल टाकलं नाहीस, गेणबामामांच्या मच्छिंद्राच्या हाती पाठवलंस. मयताच्या घरून लोणचं आलं, अशी आजवर ऐकलेली नव्हती गोष्ट.

गेणबामामा गेले ते बरंच झालं, फार हाल चालले होते. इंजिनवर उभं आयुष्य काढलेला माणूस कॉटवर पडून राहिला की कसा होतो ते तूही बघितलं असतंस, आला असतास तर. अपेक्षा रोज दुपारी जायची. पहिले काही दिवस शास्त्र वाचून दाखवायची, तर म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. मग एकदा त्यांनीच सांगितलं, “पोरी, त्ये मला पाठ हाय. तू मला मनमाडच्या लायनीची ठेसनं वाचून दाखीव.” हिनं कुठून तरी जुनं टाइमटेबल पैदा केलं. ही स्टेशन वाचायची आणि ते सांगायचे, इथं पाणी गोड, इथं मास्तर खडूस, इथं वडे चांगले. पार हसत असायचे दोघं. मग शेवटी प्रार्थना. मी म्हटलं, ही सेवा कुठल्या पुस्तकात असेल तर मला दाखवा.

त्यांनी तिला आपल्या मातीची सगळी व्यवस्था सांगून ठेवली होती. कुठलं गाणं म्हणायचं तेही. “आन् भाषाण लांबवू नको. लोकं उन्हात हुभी ऱ्हात्यात, मंग मेलेल्याला शिव्या देत्यात.” असं म्हणाले होते.

त्या सकाळी मच्छिंद्रानं बाप गेल्याचं चांगदेवरावांना कळवलं आणि चांगदेवरावांनी तुला. बंगला त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे, सत्या. रडण्याचा आवाज आम्हाला आला तेव्हा कळलं. अपेक्षा झगा हातावर टाकून गेली, मी काठी टेकत मागून. दारात तुझी गाडी. तू पेटीच्या उशाशी उभा, झगा, कॉलर, सगळं. तिला बघून म्हणालास, “आलीस का? बरं झालं. गाण्याची पुस्तकं वाट.”

आणि तिनं वाटली. एकेकाच्या हातात देत गेली. झगा तसाच हातावर, माझ्या दुमडीची टीप मला दिसत होती.

गाणं भलतंच झालं. भाषण तू लांबवलंस. गेणबामामांना तू स्टेशनमास्तर म्हणालास. वीस वर्षं पाळक होतास त्यांचा! मच्छिंद्रानं मान खाली घातली. बाकीचे बाहेर पुटपुटत होते, “काय आवाज हाय पाळकसाहेबांचा! मयताला शोभा आली.” ऐकून तू रुमालानं मान पुसलीस. तुझा चेहरा मी ओळखते. लहानपणी नाताळच्या नाटकात राजा झाल्यावर असाच व्हायचा.

घरी येऊन अपेक्षानं झगा खुंटीला लावला आणि उभ्या उभ्याच भाकरी खाल्ली. मी काहीबाही बोलत राहिले, वांगी महाग झाली, वच्छलाबाईंची शेळी व्याली. ती म्हणाली, “पप्पा दमले असतील ना आजी. एवढ्या लांब गाडी चालवून.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

ती शिकते आहे हे मात्र तुला सांगते. चांगदेवरावांना तिनं सूचना परत दिल्या. स्वतः घरी जाऊन म्हणाली, “काका, चूक झाली माझी. रविवारी तुम्हीच वाचा.” त्यांनी चहा पाजला, सूचनाही वाचल्या. आणि मयत झाल्यावर फोन तुलाच केला.

तुला फार अवघड सांगत नाही. दौंडहून फोन आला की एवढंच म्हण, “तुमच्या पाळकांना विचारा.” झालं. मग वाटलं तर फोन ठेवल्यावर टीव्ही लाव.

आई


दौंड
सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३

सत्यजीत यास,

तुझं उत्तर पत्रानं आलं नाही, फोनवर आलं, तेही आवाज चढवून. “आई, तू मध्ये पडू नकोस. लोक प्रेमानं बोलावतात, मी काय दार लावून घेऊ? सेवेला रिटायरमेंट नसते.” असं म्हणालास. त्यानंतर माझा फोन नीलमच उचलते. आंघोळीला गेलेत, झोपलेत, बाहेर गेलेत. बिचारी खोटं बोलताना अडखळते, तिला त्या कामाला लावू नकोस.

तू बाहेर जातोस कुठं, ते मला इथं कळतं. कासुर्डीला घरभरणीची भक्ती घेतलीस. इथल्या मंडळीतल्या हर्षदाचं लग्न लावलंस. त्या पोरीला लग्नाआधी अपेक्षानं किती वेळा बसवून समजावलं होतं, नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं. लग्नाच्या आधी आठवडाभर हर्षदाची आई बंगल्यावर आली, पदराला घाम पुसत म्हणाली, “ताई, राग मानू नगा. फोटोत मोठे पाळकसाहेब असले म्हंजी बरं दिसतंय. तुमी बी या जेवायला.” जेवायला बोलावलं! अपेक्षा म्हणाली, “येईन की मावशी.” गेली. जेवली. मी नाही गेले, माझं पोट दुखत होतं. खरं म्हणजे पोट नव्हतं दुखत.

नाताळाच्या आधी इथल्या सगळ्या घरी जाऊन यायचं तिनं ठरवलंय. तुझी रीत होती, पाळक बोलावल्याशिवाय जात नाही आणि पहिला चहा सेक्रेटरीकडं. हिची रीत उलटी. जे देवळात यायचे थांबलेत त्यांच्याकडं आधी. मी बरोबर जाते, रिक्षातून. लोक मला बघून चहा टाकतात आणि तिला बघून मनातलं सांगतात. आमची जोडी झकास जमली आहे. रेल्वेच्या शेडमध्ये कुणाची कुठली ड्युटी हे तिला तोंडपाठ झालं. रात्रपाळीवाल्यांसाठी आता बुधवारी दुपारी छोटी प्रार्थना ठेवते, बऱ्यापैकी माणसं येतात.

तुझ्या आबांची गोष्ट तुला कधी सांगितली होती का आठवत नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास. आबा पाबळला प्रचारक होते, तिथून आपली बदली शिरूरला झाली. वर्षही झालं नव्हतं आणि पाबळचे लोक बैलगाडी घेऊन दारात. लग्न आहे, तुम्हीच लावा. आबांना केवढा आनंद! मलाही. नवी टोपी घालून गेले. परत आले, टोपी काढून ठेवली. खूप विचारल्यावर म्हणाले, “सारजे, तिथला नवा प्रचारक माझी पिशवी धरून उभा होता गं.” बस, एवढंच. पुढं पाबळची माणसं आली की चहा द्यायचे, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायचे, वेशीपर्यंत पोचवायचे. पण गाडीत बसले नाहीत. लोक रागावले. आबांना कुणी प्रेमळ म्हणेनासं झालं. त्या नव्या माणसाला मात्र पाबळनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

तू आबांचा मुलगा आहेस. नाक त्यांचंच आहे.

नीलम म्हणाली, रविवारी सकाळी तू झग्याला इस्त्री करून पलंगावर ठेवतोस, कुठं जायचं नसलं तरी. ऐकून मला वाईट वाटलं. आई आहे मी तुझी, कळतं मला. घरात काम नसलेला पुरुष म्हणजे दारात अडकलेली सायकल, येणाऱ्यालाही लागते आणि जाणाऱ्यालाही. पण बाबा, शिरूरातही दुखणाईत आहेत, म्हाताऱ्या आहेत, ज्यांच्याकडं कुणी फिरकत नाही. त्यांच्यापाशी जाऊन बस. तिथं झगा लागत नाही.

आई


दौंड
बुधवार, २७ डिसेंबर २०२३

सत्यजीत,

नाताळाचा सलाम परवाच घ्यायचास, तू थांबला नाहीस.

आधी चांगलं सांगते. करंज्या तू आणलेल्या सगळ्यांत छान होत्या. नीलमची तब्येत सुधारलेली दिसली. आणि अपेक्षाचं भाषण! तू मागं होतास, तुला ऐकू आलं असेल तर. तिनं गव्हाणीबद्दल काही म्हटलं नाही, दारात उभ्या असलेल्या योसेफाबद्दल बोलली, ज्याला त्या सगळ्यात करायला काहीच काम नव्हतं. बायका तर बायका, शेडमधले बापे डोळे पुसत होते. मी मनात म्हटलं, झालं, आज मंडळी हिची झाली.

तुला तिनं स्वतः फोन करून बोलावलं होतं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, “माझे पप्पा आहेत आजी. त्यांना लांब ठेवून मला इथं उभं राहायचं नाही.” शास्त्राचा पाठ तुला दिला. तू वाचलास, झकास वाचलास, आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसलास. “लोकांना अवघड नको,” म्हणालास. मला तुझा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते.

आणि मग आशीर्वादाच्या वेळी तिनं हात वर केले, पहिले शब्द उच्चारले, आणि मागून तुझा आवाज आला. तू उठून उभा होतास. तुझे हात वर. माईक तिच्यापुढं होता, तरी तुझाच आवाज मोठा. शेवटच्या बाकावरचे आधी वळले. मग मधले. मग पुढचे. चांगदेवराव वळले, त्यांची सून वळली, वच्छलाबाई अर्ध्या वळून थांबल्या. मी कडेला होते म्हणून मला दोन्ही बाजू दिसल्या. सगळी मंडळी मान लववून तुझ्याकडं तोंड करून उभी, आणि वेदीकडं नुसत्या पाठी. शाली, स्वेटर, अंबाडे. त्या पाठींना अपेक्षा बघत होती. तिनं हात हळूहळू खाली घेतले. आणि शेवटी सगळ्यांबरोबर आमेन म्हणाली.

बाहेर केवढा हशा! “सवय हो, सवय!” “पाळकसाहेब झोपेत बी आशीर्वाद देत्याल!” तूही हसलास. अपेक्षाही हसली. केक कापला.

सवयीनं हात वर गेला हे मी मानते. वीस वर्षांचा हात आहे तो. पण सत्या, अर्ध्यावर तुला कळलं होतं. तू माझ्याकडं बघितलंस. डोळ्याला डोळा लागला आपला. आणि तरी तू हात खाली घेतला नाहीस.

याच्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मध्येच थांबलो असतो तर आणखी वाईट दिसलं असतं. कुणाला?

आता नीट वाच. फेब्रुवारीत मंडळीची वार्षिक सभा आहे. अपेक्षाला पुढं कायम ठेवायचं की ऑफिसकडं दुसरा पाळक मागायचा, ते तिथं ठरणार. तुला पाहुणा म्हणून बोलावतील, बोलायलाही सांगतील. तिथं उभं राहून एवढंच म्हण, की ही तुमची पाळक आहे, यापुढं मला बोलावू नका. तुझं ऐकतात ते. हिनं कितीही घरं फिरली, कितीही दुखणाइतांपाशी बसली, तरी हे तिला स्वतःला म्हणता येत नाही. तुलाच म्हणता येतं. दुसऱ्या कुणाच्याही हातात हे नाही.

मी तुझ्याकडं आजवर काही मागितलेलं नाही. पातळसुद्धा तू आणशील ते नेसले.

आई


दौंड
सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

सत्यजीत,

काल तू जे बोललास ते मी इथं उतरवून ठेवते, म्हणजे पुढं ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ असं व्हायला नको.

“अपेक्षा माझी मुलगी आहे. लहान आहे, शिकते आहे. चुकली-माकली तर सांभाळून घ्या. आणि अडलं-नडलं तर मी आहेच.”

बोलून बसलास. टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या.

तुझ्यानंतर वच्छलाबाई उठल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नाही, पदर तोंडात धरून बोलतात. म्हणाल्या, “आमच्या घरात दुखणं आलं तवा कोन आलं? ही आली. रोज आली. मला दुसरा पाळक नगं.” चांगदेवराव हसून म्हणाले, “वच्छलाबाई, भावना बरुबर हाय. पर मंडळी भावनेवर चालत न्हाई.” मग त्यांनी हात वर करायला सांगितले. बाजूनं वच्छलाबाईंचा आणि शेडमधल्या थोड्यांचा. विरोधात एकाचाही नाही. बाकीचे आपले बघत बसले, कुणाकडं बघत होते सांगू? तुझ्याकडं. तू पंख्याकडं बघत होतास.

चांगदेवराव म्हणाले, “मंग आसं लिवूया का, की पाळकसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली ही हितंच शिकत ऱ्हाईल? म्हंजी कुनाचंच मन मोडायला नगं.” आणि तू मान हलवलीस. तुला ती युक्ती आवडली. तुला वाटलं, पोरीची खुर्ची वाचवली.

अपेक्षा उठली तेव्हा मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “काका, असं लिहू नका. मंडळीला पाळक नको आहे, पप्पा हवे आहेत. त्यांना अडवणारी मी कोण? मी ऑफिसला दुसरी जागा मागते.” सगळे “अगं, अगं” करत उठले. तू म्हणालास, “घरी बोलू, इथं तमाशा नको.” घरी कुठं बोललास? गाडीत बसून गेलास.

ती आता पुस्तकं खोक्यात भरते आहे. मी म्हटलं, “भांड की बापाशी! मी आहे मागं.” म्हणाली, “आजी, मी भांडले तर अर्धी मंडळी माझी होईल, अर्धी त्यांची. मग इथं कुणी प्रार्थनेला येणार नाही, सगळे बाजू घ्यायला येतील.” मला राग आला तिचा. नंतर विचार केला, एवढं शहाणपण या पोरीला कुठून आलं? तुझ्याकडून नाही.

लोकांनी तुला वीस वर्षं डोक्यावर घेतलं. तू त्यांना एकच गोष्ट शिकवली नाहीस, तुझ्याशिवाय उभं राहायला. मला वाटायचं, हे प्रेम. आता वाटतं, पांगळं करून ठेवलंस त्यांना, आणि वर कुबडी होऊन मिरवलास.

कडक लिहिलं. खोडत नाही.

सारजाबाई


कारेगाव
सोमवार, १ जुलै २०२४

सत्यजीत,

पत्ता बदलला तो वर लिहिला आहे. पण काल येऊन गेलास, म्हणजे तुला तो माहीतच आहे.

आधी माझी खुशाली. मी मजेत आहे, इतकी की लाज वाटते. इथं बंगला नाही, टायरच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढताना मी सगळ्या प्रेषितांची नावं घेते आणि वर आल्यावर आणखी कुणाची तरी घेते. उपासना पत्र्याच्या हॉलमध्ये, दुपारी, कारण कारखान्यातली सकाळपाळीची पोरं तेव्हाच सुटतात. झारखंडची, ओरिसाची, नांदेडकडची. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी पण हिंदी बोलते आता, अपेक्षा तोंडात रुमाल घालून हसते. इथं मला दादी म्हणतात आणि तिला मॅडम. पाळक मॅडम. पहिल्या दिवसापासून! कुणी फ्रॉकात बघितलेलं नाही ना.

आणि तिनं इथं काय केलं असेल? आल्या आल्या त्यांच्यातल्याच एकेकाला कामं वाटून दिली. पाठ एकानं वाचायचा, गाणी एकीनं सांगायची, आजाऱ्यांकडं कुणी जायचं ते त्यांनीच ठरवायचं. मी म्हटलं, “अगं, मग तू काय करणार?” म्हणाली, “आजी, मी उद्या इथून गेले तरी रविवार व्हायला पाहिजे.” तुझी आठवण झाली, सांगून टाकते.

दौंडची बातमी इथं येते. नवा पाळक मिळेपर्यंत तू दर रविवारी जातोस. चांगदेवरावांनी तसं ऑफिसला लिहिलं, ऑफिसनं मान्य केलं. वच्छलाबाई फोनवर म्हणत होत्या, “बुधवारची प्रार्थना बंद झाली वो. रातपाळीवाले येत न्हाईत आता.” नवा पाळक येतो म्हणून एक जण बघून गेला, परत आला नाही. कसा येईल?

मग काल तू दौंड सोडून इकडं कसा आलास, कुणी पाठवलं, मला माहीत नाही. नीलमनं पाठवलं असेल. तू हॉलच्या दारात आलास तेव्हा प्रार्थना चालू होती. दारात आमचा तो झारखंडचा माणूस उभा होता, कंपनीत सिक्युरिटीला आहे. सुट्टीच्या दिवशीही दारातच उभा राहतो, बसवत नाही म्हणे त्याला. येईल त्याला विचारतो, “किससे मिलना है?” मलाही पहिल्या दिवशी विचारलं होतं.

तुलाही विचारलं. तू कॉलर घातली होतीस, हातात बॅग. त्याला काय त्याचं? त्यानं हात आडवा धरला. “अंकल, किससे मिलना है? आप कौन?”

मी शेवटच्याच रांगेत होते, गुडघ्यांमुळं. तुझं लक्ष नव्हतं माझ्याकडं. मला वाटलं, आता हा सांगेल, मी रेव्हरंड अमुक, दौंडचा. तू बॅग खाली ठेवलीस. मग म्हणालास, “पाळक मॅडम हैं ना. उनका पिताजी हूँ.”

त्यानं लगेच हात काढला, तुला खुर्ची आणून दिली. तू बसलास. अपेक्षानं तुला बघितलं आणि तिचा आवाज जरा चिरकला, पण पुढं बोलत राहिली. आशीर्वाद तिनं दिला. तुझे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले, नखं पांढरी पडली होती. मी पाहिलं. चहाआधीच तू निघून गेलास.

संध्याकाळभर मला आनंद झाला होता. अपेक्षा पुन्हा पुन्हा विचारत होती, “आजी, काय म्हणाले पप्पा दारात? परत सांग ना.” मी परत परत सांगत होते. लहान मुलीसारखी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “फोन करू का त्यांना?” मी म्हटलं, आज नको.

का नको म्हटलं, ते सांगायला हे पत्र. ज्याला तू कोण हे माहीत नाही, ज्याला तुझं दौंड कुठं आहे हे माहीत नाही, त्याला ते सांगायला तुला काय जड गेलं? जिथं सांगायचं होतं तिथं सगळे ओळखीचे बसले होते आणि सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते. तिथं तू पंखा बघत होतास. काल तू खरं बोललास, सत्या, पण ती पाळक आहे हे या पोरांना आधीच माहीत होतं.

येत्या रविवारी तू दौंडला जाशीलच. चांगदेवराव सूचना वाचून झाल्या की माईक तुझ्या हातात देतील. तेव्हा कालचंच त्यांना सांग, ‘पाळक ती, मी तिचा बाप’, आणि ‘तिला मी इथून घालवली’ हेही सांग. मग झगा काढून तिथंच ठेव आणि घरी जा. ते रागावतील. रागावू देत.

त्यानंतर कारेगावला ये. अपेक्षा तुला फोन करील तेव्हा माझ्या या पत्राचं तिला काही बोलू नकोस. ती मला मऊ समजते.

तुझी आई
सारजाबाई